झॅबिक्स: मेल येतो पण समस्या दिसत नाही, किंवा दिसते पण मेल येत नाही

नेटवर्कमधील उपकरणांवर लक्ष ठेवून बिघाड कळवणारे झॅबिक्स हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या नेटवर्क विभागांत एक तक्रार ठरावीक काळाने परत येते आणि ती तीन रूपांत येते. एका अभियंत्याला राउटर बंद पडल्याचा मेल मिळतो, तो लगेच लॉगिन करून पाहतो, तर डॅशबोर्डवर ती समस्याच नसते. दुसऱ्याच्या डॅशबोर्डवर समस्या स्पष्ट दिसत असते, परंतु त्याला ना मेल येतो ना एसएमएस. तिसऱ्या प्रकारात विभागप्रमुख एका डॅशबोर्डचा दुवा पाठवतात आणि तोच दुवा अभियंत्याने उघडला की त्यातील निम्मे विजेट (माहितीचे चौकोन) रिकामे असतात. अशी तक्रार आली की बहुतेक ठिकाणी त्या व्यक्तीला सुपर ॲडमिन (सर्व काही पाहू शकणारा प्रशासक) करून विषय मिटवला जातो. पुढे नवी शाखा जोडली जाते, नवा स्विच बसतो किंवा एखाद्याची बदली होते, आणि तीच तक्रार दुसऱ्या नावाने पुन्हा उभी राहते.

या लेखात ती तक्रार मुळापासून कशी तपासावी आणि पुन्हा येऊ नये म्हणून होस्ट ग्रुप, युजर ग्रुप व डॅशबोर्ड यांची मांडणी कशी करावी, हे मांडले आहे. विवेचन करताना २०२२ मधील ६.० आणि २०२४ मधील ७.० या दीर्घकाळ पाठबळ असलेल्या आवृत्त्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. मेनूंची जागा आवृत्तीनुसार थोडी सरकते, पण जेथे वेगळी आवृत्ती सांगितलेली नाही, तेथे सांगितलेले नियम दोन्हींत लागू आहेत.

समस्या पडद्यावर दिसणे आणि तिची सूचना मिळणे हे झॅबिक्समधील दोन स्वतंत्र मार्ग आहेत, हे आधी मनात पक्के करावे लागते. पहिला मार्ग वेब इंटरफेस हाताळतो, तर दुसरा झॅबिक्स सर्व्हर. परवानग्यांची नोंद दोघेही एकाच ठिकाणाहून वाचतात, परंतु ती वाचण्याचे नियम सारखे नाहीत, आणि प्रत्येक मार्गावर परवानगीखेरीज आणखी काही चाळण्या लागलेल्या असतात. तक्रार कोणत्या मार्गावरची आहे हे न ठरवता सेटिंग बदलत राहिले, तर एका जागी दुरुस्ती होते आणि दुसऱ्या जागी नवी गळती सुरू होते.

परवानगी कुठे असते

झॅबिक्समध्ये कोणत्याही व्यक्तीला एखाद्या उपकरणाची परवानगी थेट देता येत नाही. व्यक्ती युजर ग्रुपमध्ये असते, उपकरण म्हणजेच होस्ट हा होस्ट ग्रुपमध्ये असतो, आणि परवानगी या दोन ग्रुपांमध्ये जोडली जाते. रीड-राइट, रीड, डिनाय आणि नन अशा तिच्या चार अवस्था आहेत. एक होस्ट अनेक ग्रुपांत आणि एक व्यक्ती अनेक ग्रुपांत असू शकते. अशा वेळी मिळालेल्या परवानग्यांपैकी सर्वांत वरची लागू होते. मात्र कुठूनही डिनाय आले की ते बाकीच्या सर्व परवानग्यांवर मात करते. समजा, ‘चाचणी उपकरणे’ या होस्ट ग्रुपवर शाखा अभियंत्यांना डिनाय दिलेले आहे आणि कोणीतरी सोयीसाठी एक चालू राउटर त्या ग्रुपमध्येही घातला. त्या क्षणापासून तो राउटर शाखा अभियंत्यांच्या पडद्यावरून नाहीसा होतो आणि त्याचे मेलही थांबतात, जरी ‘शाखा राउटर’ या ग्रुपवरची त्यांची रीड परवानगी जशीच्या तशी असली तरी. माझ्या मते डिनाय वापरण्याची वेळ आली, तर ती होस्ट ग्रुपांची विभागणी चुकल्याची खूण मानावी आणि विभागणीच दुरुस्त करावी.

रोल ही गोष्ट याहून निराळी आहे. ५.२ आवृत्तीपासून आलेले रोल हे ठरवतात की व्यक्तीला कोणते मेनू दिसतील, समस्या ॲक्नॉलेज करता (म्हणजे पाहिल्याची नोंद करता) येईल की नाही, ती हाताने बंद करता येईल की नाही, तीव्रता बदलता येईल की नाही. कोणती उपकरणे दिसतील, हे रोल ठरवत नाही. त्याला अपवाद फक्त सुपर ॲडमिनचा. या प्रकारच्या व्यक्तीसाठी होस्ट ग्रुपवरच्या परवानग्या विचारातच घेतल्या जात नाहीत, तिला सर्व काही दिसते. म्हणून एखाद्याला सुपर ॲडमिन केल्यावर तक्रार थांबली, तर त्यातून दोष परवानग्यांत कुठेतरी आहे एवढेच समजते. तो नेमका कुठे आहे हे कळण्याचा मार्ग मात्र बंद होतो.

सर्वांत जास्त फसवणारा भाग उपग्रुपांचा आहे. होस्ट ग्रुपच्या नावात तिरपी रेघ वापरून ‘शाखा/सातारा’, ‘शाखा/कराड’ अशी उतरंड करता येते. विजेटच्या फिल्टरमध्ये ‘शाखा’ हा वरचा ग्रुप निवडला, तर खालचे सर्व उपग्रुप आपोआप धरले जातात. ॲक्शनच्या (समस्या आल्यावर कोणाला काय कळवायचे या नियमाच्या) अटीत ‘शाखा’ निवडला, तरीही तसेच होते. परवानगी मात्र अशी वाहत नाही. वरचा ग्रुप अस्तित्वात असताना नवा उपग्रुप तयार केला, तर त्या क्षणी वरच्या परवानग्यांची प्रत उपग्रुपला मिळते. त्यानंतर दोघांचा संबंध तुटतो. पुढे ‘शाखा’ या ग्रुपची परवानगी बदलली आणि ती सर्व उपग्रुपांना लागू करण्याचा पर्याय निवडला नाही, तर उपग्रुप जुन्याच परवानगीवर राहतात. उपग्रुप आधी तयार झाले आणि वरचा ग्रुप नंतर, तर वरच्या ग्रुपला कोणतीच परवानगी नसते. फिल्टर आणि अटी उतरंड पाहतात, परवानगी मात्र उतरंड पाहत नाही. हा फरक लक्षात नसल्यामुळे ‘डॅशबोर्डवर शाखा ग्रुप निवडला आहे, मग सातारा का दिसत नाही’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो.

तपासणीची सुरुवात

सुपर ॲडमिनच्या लॉगिनमधून या अडचणीचा शोध घेऊ नये, कारण त्या लॉगिनमध्ये अडचण अस्तित्वातच नसते. दुसऱ्याच्या नावाने आत जाऊन त्याचा पडदा पाहण्याची थेट सोय झॅबिक्समध्ये नाही; म्हणून तक्रारदाराच्या सर्व युजर ग्रुपांत असलेले आणि त्याचाच रोल असलेले एक चाचणी खाते तयार करून ठेवावे. ‘सर्व’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण परवानगी ही व्यक्तीच्या एकूण एक ग्रुपांचा मेळ घालून ठरते. एक ग्रुप सुटला तरी चाचणी खाते वेगळे चित्र दाखवील.

त्या खात्याने लॉगिन करून प्रॉब्लेम्स हे पान उघडावे, फिल्टर पूर्ण रिकामा करावा, ‘हिस्ट्री’ हा पर्याय निवडावा आणि सप्रेस केलेल्या, म्हणजे तात्पुरत्या दडवलेल्या, समस्या दाखवण्याची खूण करावी. एवढे करून तक्रारीतील समस्या दिसली, तर परवानगी ठीक आहे आणि दोष डॅशबोर्डच्या फिल्टरमध्ये किंवा सूचनेच्या मार्गावर आहे. दिसली नाही, तर दोष परवानगीत किंवा युजर ग्रुपवरच्या टॅग फिल्टरमध्ये (ठरावीक टॅग, म्हणजे लेबल, असलेल्याच समस्या दाखवणाऱ्या बंधनात) आहे. या एका पायरीने अर्धे काम होते.

दिसते, पण मेल येत नाही

प्रथम रिपोर्ट्स या मेनूतील ॲक्शन लॉग उघडावा आणि त्या वेळची, त्या व्यक्तीच्या नावाची नोंद आहे का ते पाहावे. नोंद आहे आणि ती अपयशी आहे, तर कारण तेथेच लिहिलेले असते. त्या व्यक्तीच्या प्रोफाइलमध्ये मेलचा पत्ताच भरलेला नसेल, तर व्यक्तीसाठी मीडिया (सूचना पाठवण्याचे माध्यम) ठरवलेले नाही, अशा अर्थाचा संदेश दिसतो. ५.० पासून संदेशाचे नमुने मीडिया टाइपमध्ये ठेवले जातात. नवा मीडिया टाइप तयार करताना तो नमुना राहून गेला, तर त्या माध्यमासाठी संदेश ठरवलेला नाही, अशी नोंद येते. मेल सर्व्हरने नकार दिला असेल, तर त्याचे उत्तरही तेथे सापडते. या प्रकारच्या अडचणी चटकन सुटतात.

अवघड प्रकार तो, ज्यात नोंदच नसते. नोंद नाही याचा अर्थ सर्व्हरने त्या व्यक्तीसाठी संदेश तयारच केला नाही. त्याची कारणे शोधताना मी पुढील क्रमाने जातो. ॲक्शन चालू आहे का? झॅबिक्स नव्याने बसवल्यावर प्रशासकांना समस्या कळवणारे जे ॲक्शन तयार मिळते, ते बंद अवस्थेत असते. ते चालू असेल, तर त्याच्या अटी या समस्येला लागू पडतात का? अटीही जुळत असतील, तर ॲक्शनमध्ये संदेश कोणाला पाठवायचा म्हणून लिहिले आहे, व्यक्तीला की युजर ग्रुपला? आणि शेवटी, त्या व्यक्तीला समस्या निर्माण करणाऱ्या होस्टवर किमान रीड परवानगी आहे का? ती नसेल, तर सर्व्हर संदेश पाठवत नाही आणि ॲक्शन लॉगमध्येही काही लिहीत नाही.

येथे अनेक ठिकाणी एक ठरलेली गफलत आढळते. ‘मेल यादी’ अशा नावाचा एक युजर ग्रुप केवळ सूचनांसाठी तयार केला जातो, ॲक्शनमध्ये तो ग्रुप लिहिला जातो, आणि त्या ग्रुपला मात्र कोणत्याच होस्ट ग्रुपवर परवानगी दिलेली नसते. त्यातील ज्या सदस्यांना त्यांच्या अन्य ग्रुपांतून रीड परवानगी मिळते त्यांना मेल जातो, बाकीच्यांना जात नाही. एकाच यादीतील चौघांपैकी दोघांनाच मेल मिळतो, आणि मेल सर्व्हरची झाडाझडती सुरू होते.

यानंतर व्यक्तीच्या मीडियामधील दोन चाळण्या पाहाव्यात. पहिली तीव्रतेची: नॉट क्लासिफाइड, इन्फर्मेशन, वॉर्निंग, ॲव्हरेज, हाय आणि डिझास्टर या सहांपैकी ज्यांवर खूण नसेल, त्या तीव्रतेची सूचना त्या माध्यमाने जात नाही. दुसरी वेळेची, आणि रात्रपाळीच्या तक्रारींचे मूळ बहुधा हीत असते. ही वेळ व्यक्तीच्या स्वतःच्या टाइम झोननुसार मोजली जाते. पुण्यात बसून युरोपातील ग्राहकाचे नेटवर्क सांभाळणाऱ्या पथकात एखाद्याने सोयीसाठी आपला टाइम झोन ग्राहकाच्या शहराचा ठेवला, तर त्याच्या सूचनांची खिडकीही तितके तास सरकते. शिवाय कालावधी मध्यरात्र ओलांडू शकत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा ही सोमवार ते शुक्रवारची पाळी एका तुकड्यात लिहिता येत नाही; ती १-५,२२:००-२४:००;२-६,००:००-०६:०० अशी अर्धविरामाने जोडलेल्या दोन तुकड्यांत लिहावी लागते. येथे १ म्हणजे सोमवार. दुसऱ्या तुकड्यात वार एकाने पुढे सरकला आहे, कारण शुक्रवारच्या पाळीची पहाट शनिवारी असते. तो न सरकवल्यास शनिवारच्या पहाटेचे अलर्ट हरवतात आणि सोमवारच्या पहाटेचे अलर्ट अशा माणसाला जातात जो अजून पाळीवर आलेलाच नाही. प्रत्यक्ष पेटीत हे आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत भरायचे आहेत.

मेल आला, पण पडद्यावर नाही

या रूपाची कारणे अधिक रंजक आहेत, आणि त्यांतील पहिले परवानगीच्या त्या दुहेरी वाचनातून येते. काही ट्रिगर, म्हणजे मोजमाप पाहून समस्या नोंदवणारे नियम, एकाहून अधिक होस्टवर उभे असतात. उदाहरणार्थ, मुख्यालयातील राउटर आणि शाखेतील राउटर या दोन्हींची मोजमापे एकत्र करून लिहिलेला ट्रिगर. अशा ट्रिगरची सूचना पाठवताना सर्व्हर एवढेच पाहतो की व्यक्तीला त्यातील निदान एका होस्टवर रीड परवानगी आहे. वेब इंटरफेस मात्र ती समस्या तेव्हाच दाखवतो, जेव्हा ट्रिगरमधील प्रत्येक होस्टवर परवानगी असते. शाखा अभियंत्याला फक्त आपल्या शाखेची परवानगी असते. त्यामुळे त्याला मेल येतो आणि पडदा रिकामा राहतो. यावर दोन उपाय आहेत. मुख्यालयातील त्या राउटरांसाठी एक वेगळा छोटा होस्ट ग्रुप करून त्यावर शाखांना केवळ रीड परवानगी द्यावी, किंवा ट्रिगर दोन भागांत तोडून डिपेन्डन्सीने (एक पेटलेला असताना दुसऱ्याला पेटू न देणाऱ्या नात्याने) जोडावा. माझा कल पहिल्या उपायाकडे आहे, कारण ज्या उपकरणामुळे आपली शाखा बंद पडते त्या उपकरणाची स्थिती शाखेच्या माणसाला पाहता आलीच पाहिजे.

दुसरे कारण वेळेचे आहे. ‘रीसेंट प्रॉब्लेम्स’ या पर्यायात चालू समस्या आणि नुकत्याच सुटलेल्या समस्या दिसतात. सुटलेल्या समस्या किती वेळ दाखवायच्या याचे मूळ सेटिंग ५ मिनिटांचे असते. दुपारी २.१० वाजता लिंक गेली, २.१२ ला परत आली, तर २.१७ नंतर त्या यादीत तिचा मागमूस नसतो. अभियंता अडीच वाजता जेवून येऊन मेल वाचतो आणि डॅशबोर्ड चुकतो आहे असे कळवतो. हिस्ट्री पाहायची सवय लावणे हा त्यावरचा एक उपाय झाला. खरा उपाय म्हणजे इतक्या अल्पजीवी समस्येचा मेल जावा का, हे ठरवणे. ॲक्शनमधील पहिला संदेश पहिल्या टप्प्याऐवजी दुसऱ्या टप्प्यावर ठेवावा आणि टप्प्याचा कालावधी ५ मिनिटे करावा. त्याआधी समस्या सुटली, तर कोणालाच मेल जात नाही. काही लिंकच्या बाबतीत मात्र अशी क्षणिक तुटणूक हीच मोठ्या बिघाडाची नांदी असते, तेथे हा उपाय करू नये.

तिसरे कारण म्हणजे समस्या दडवणाऱ्या सोयी. होस्ट मेंटेनन्समध्ये असेल, तर त्याची समस्या सप्रेस होते आणि खूण केल्याशिवाय यादीत येत नाही. ६.२ पासून एखादी समस्या हाताने, ठरावीक वेळेपुरती सप्रेस करता येते, आणि एका पाळीतल्या माणसाने तसे केले तर पुढच्या पाळीला ती दिसत नाही. ६.४ पासून समस्यांना कारण आणि लक्षण असे नाते जोडता येते. लक्षण ठरवलेली समस्या कारणाच्या ओळीखाली मिटून राहते. या तिन्ही सोयी चांगल्या आहेत. त्यांचा वापर कोण करू शकेल हे रोलमध्ये ठरवावे, आणि पाळी बदलताना सप्रेस केलेल्या समस्यांची यादी उघडून पाहण्याची शिस्त ठेवावी.

चौथे कारण साधे आहे, पण भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर ते घातक ठरते. प्रॉब्लेम्स या विजेटमध्ये मूळ सेटिंगप्रमाणे २५ ओळी दिसतात. यादी वेळेनुसार लावलेली असेल, तर नव्या किरकोळ समस्या वर येतात आणि सकाळपासून चालू असलेली डिझास्टर पातळीची समस्या सव्विसाव्या ओळीवर जाऊन अदृश्य होते. नियंत्रण कक्षातील विजेट तीव्रतेच्या उतरत्या क्रमाने लावावे.

डॅशबोर्ड सार्वजनिक केला म्हणून त्यातील मजकूर सर्वांना दिसतो, असा आणखी एक समज आहे. सामायिक होतो तो फक्त सांगाडा. प्रत्येक विजेट पाहणाऱ्याच्या परवानगीनुसार भरते. ज्याला त्या होस्टची परवानगी नाही, त्याला त्या जागी परवानगी नसल्याचा किंवा वस्तू अस्तित्वात नसल्याचा संदेश दिसतो. विभागप्रमुखांच्या दुव्याचे कोडे येथे सुटते.

तक्रार परत का येते

नव्या उपकरणांपासून सुरुवात करावी. नेटवर्क डिस्कव्हरीने शोधलेला होस्ट मूळ सेटिंगप्रमाणे ‘डिस्कव्हर्ड होस्ट्स’ या ग्रुपमध्ये पडतो. डिस्कव्हरीच्या ॲक्शनमध्ये त्याला योग्य ग्रुपमध्ये घालण्याची क्रिया लिहिलेली नसेल, तर तो तेथेच राहतो, आणि त्या ग्रुपवर सुपर ॲडमिनखेरीज सहसा कोणालाच परवानगी नसते. प्रशासकाला स्विच दिसतो, ट्रिगर पेटतो, पण ज्याने धावून जायचे त्याला काहीच कळत नाही. आयपी पट्ट्यानुसार होस्टला शाखेच्या ग्रुपमध्ये घालणारे वेगवेगळे ॲक्शन लिहावेत, आणि ‘डिस्कव्हर्ड होस्ट्स’ ग्रुपमध्ये काही उरले आहे का ते दर आठवड्याला पाहावे.

बदल्यांमुळेही हेच घडते. ॲक्शनमध्ये व्यक्तीचे नाव लिहिलेले असते. ती व्यक्ती दुसऱ्या विभागात जाते, तिचे युजर ग्रुप बदलतात, परवानगी जाते आणि मेल आवाज न करता थांबतो. तिच्या जागी आलेल्याचे नाव ॲक्शनमध्ये कोणी घालत नाही. ॲक्शनमध्ये व्यक्ती कधीच लिहू नये. नेहमी युजर ग्रुप लिहावा, आणि तोही असा की ज्या ग्रुपमधून परवानगी मिळते त्याच ग्रुपला सूचना जाईल. मग बदलीच्या वेळी एकाच ठिकाणी हात लावावा लागतो.

टॅग फिल्टरचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. युजर ग्रुपवर असे बंधन घालता येते की अमुक होस्ट ग्रुपमधील फक्त ‘सेवा: डेटाबेस’ असा टॅग असलेल्याच समस्या या लोकांना दिसाव्यात, आणि हे बंधन सूचनांनाही लागू होते. एकाच सर्व्हरवर डेटाबेस, वेब आणि बॅकअप अशी तीन पथके काम करतात तेव्हा याला तोड नाही. परंतु व्यक्ती दोन युजर ग्रुपांत असेल आणि दुसऱ्या ग्रुपला त्याच होस्ट ग्रुपवर कोणतेही टॅग बंधन नसेल, तर तिला सर्वच समस्या दिसू लागतात. उलट, नव्या टेम्प्लेटमधील (ट्रिगर वगैरेंच्या तयार संचातील) ट्रिगरवर तो टॅग लावायचा राहिला, तर ती समस्या डेटाबेस पथकाच्या दृष्टीने जन्मलेलीच नसते. म्हणून टॅग फिल्टर वापरणाऱ्यांनी टॅगांची नावे आणि मूल्ये एका ठिकाणी लिहून ठेवावीत आणि टेम्प्लेट वापरात आणण्यापूर्वी त्याच्याशी ताडून पाहावे.

मांडणी कशी असावी

होस्ट ग्रुप उपकरणाच्या प्रकारावरून पाडण्याचा मोह होतो: सर्व स्विच एकीकडे, सर्व राउटर एकीकडे, सर्व यूपीएस एकीकडे. अहवालांसाठी ते सोयीचे वाटते, पण परवानगी होस्ट ग्रुपवरच टांगलेली असल्यामुळे ग्रुपची रेषा जबाबदारीच्या रेषेवरून जायला हवी. एखादे उपकरण बंद पडले तर फोन कोणाला करायचा, या प्रश्नाचे उत्तर ज्यांच्या बाबतीत एकच आहे, ती उपकरणे एका ग्रुपमध्ये ठेवावीत. स्विच, राउटर, यूपीएस हा भेद टॅगवर सोपवावा. फिल्टर टॅगवरही चालतात.

दर्शनाच्या बाबतीत मी तीनच पडदे पुरेसे मानतो. नियंत्रण कक्षाच्या भिंतीसाठी केवळ रीड परवानगी असलेले वेगळे खाते, ॲव्हरेज आणि त्यावरील समस्या, तीव्रतेनुसार क्रम. अभियंत्यासाठी त्याच्या ग्रुपपुरती संपूर्ण यादी, ज्यात ॲक्नॉलेज न केलेल्या समस्या वेगळ्या पाहता येतील. विभागप्रमुखांसाठी तीव्रतेनुसार नुसती संख्या आणि शाखानिहाय स्थिती. भिंतीवरच्या पडद्याला सुपर ॲडमिनचे लॉगिन देण्याची पद्धत सुरक्षेच्या दृष्टीने तर वाईट आहेच, शिवाय त्या पडद्यावर असे चित्र दिसते जे प्रत्यक्ष काम करणाऱ्या कोणालाच दिसत नसते, आणि मग प्रत्येक चर्चा दोन वेगळ्या चित्रांवरून होते.

पडद्यावर किती यावे, याचाही विचार येथेच करायला हवा. वेल्समधील मिलफर्ड हेवन येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला, त्याआधीच्या शेवटच्या सुमारे ११ मिनिटांत दोन ऑपरेटरांसमोर २७५ अलार्म आले होते. १९९९ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली ‘ईमुआ १९१’ ही अलार्म व्यवस्थापनाची मार्गदर्शिका सुरळीत कामकाजाच्या वेळी दहा मिनिटांत एकापेक्षा कमी अलार्म असावा, असे सांगते. ती प्रक्रिया उद्योगांसाठी आहे, परंतु पडद्यासमोर बसणारा माणूस तसाच असतो, म्हणून नेटवर्कच्या नियंत्रण कक्षालाही मी हाच मापदंड लावतो. तो पाळायचा, तर मूळ टेम्प्लेट जसेच्या तसे वापरून चालत नाही. स्विचच्या एसएनएमपी (नेटवर्क उपकरणांकडून त्यांची स्थिती मिळवण्याची पद्धत) टेम्प्लेटमध्ये प्रत्येक पोर्टची लिंक गेल्याचा ट्रिगर ॲव्हरेज पातळीचा असतो. संध्याकाळी सहा वाजता कर्मचारी संगणक बंद करून घरी निघाले की अशा डझनभर समस्या भिंतीवर उमटतात आणि त्यांच्या गर्दीत एखादा खरा अपलिंक (स्विचला पुढच्या नेटवर्कशी जोडणारा दुवा) गेलेला लक्षात येत नाही. त्या टेम्प्लेटमध्ये आयएफकंट्रोल नावाचा मॅक्रो (हवे ते मूल्य देता येणारे सेटिंग) त्यासाठीच आहे: पोर्टच्या नावाचा नमुना संदर्भ म्हणून देऊन कर्मचाऱ्यांच्या पोर्टसाठी त्याचे मूल्य शून्य करावे आणि अपलिंकसाठी एक ठेवावे.

शाखेचा राउटर गेल्यावर त्यामागची सर्व उपकरणे एकेक करून पडद्यावर येऊ नयेत, यासाठी ट्रिगर डिपेन्डन्सी आहे. ती लावूनही गर्दी होत असेल, तर तपासणीची वारंवारता पाहावी. आयसीएमपी पिंगच्या (उपकरण उत्तर देते का ते पाहणाऱ्या तपासणीच्या) टेम्प्लेटमध्ये मिनिटाला एक तपासणी होते आणि सलग तीन अपयशांनंतर उपकरण अनुपलब्ध ठरते. राउटर आणि त्यामागचा स्विच या दोघांचे वेळापत्रक सारखेच असेल, तर स्विचचे तिसरे अपयश राउटरच्या आधी नोंदले जाऊ शकते, आणि तोपर्यंत डिपेन्डन्सीला अडवायला काही नसते. राउटरची तपासणी ३० सेकंदांवर आणली, तर तो नेहमी आधी पकडला जातो.

बदलानंतरची चाचणी

परवानगी, ग्रुप किंवा ॲक्शन यांपैकी काहीही बदलले की पुढील चाचणी करावी, आणि ती खऱ्या बिघाडाची वाट न पाहता करावी. एक चाचणी होस्ट तयार करून त्यात ट्रॅपर प्रकारचे (बाहेरून पाठवलेले मूल्य घेणारे) एक आयटम, म्हणजे मोजमाप, आणि सहा तीव्रतांचे सहा ट्रिगर ठेवावेत. हा होस्ट ज्या ग्रुपची चाचणी करायची त्या एकाच होस्ट ग्रुपमध्ये तात्पुरता घालावा, झॅबिक्स सेंडरने त्या आयटमला मूल्य पाठवून ट्रिगर पेटवावा, आणि तीन गोष्टी एकाच वेळी पाहाव्यात: चाचणी खात्याच्या प्रॉब्लेम्स पानावर समस्या दिसली का, भिंतीवरच्या खात्याच्या विजेटमध्ये ती अपेक्षित जागी आली का, आणि ॲक्शन लॉगमध्ये अपेक्षित व्यक्तींच्या नावे नोंदी झाल्या का. टॅग फिल्टर असेल, तर हीच चाचणी टॅगसह आणि टॅगशिवाय अशी दोनदा करावी. रात्रपाळीचा कालावधी बदलला असेल, तर ती मध्यरात्रीच्या आधी एकदा आणि नंतर एकदा करावी लागते. पाळीवरच्या माणसाला आधी कळवून ठेवावे. काम झाल्यावर चाचणी होस्टला त्या ग्रुपमधून काढून त्याच्या स्वतःच्या ग्रुपमध्ये परत ठेवावे, आणि तो बंद करून ठेवावा, म्हणजे पुढच्या बदलाच्या वेळी तो हाताशी असेल आणि मधल्या काळात कोणाच्या यादीत डोकावणार नाही.